फुकट दिलेल्या गाण्यांचा हिशेब



आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर जातील. निवृत्त फौजी माणूस आणि रॉक बँडवर बोलतोय? पण हा विषय जितका संगीताचा आहे, तितकाच मालकीचा आणि हिशेबाचा आहे. एखादी गोष्ट मेहनतीनं तयार करायची आणि जगाला फुकट देऊन टाकायची. एवढ्यावर न थांबता वर सांगायचं की याच्या प्रती काढा, विका आणि आलेले पैसेही तुम्हीच ठेवा. यात वेडेपणा किती आणि शहाणपण किती, ते आज बघू.

बँडचं नाव आहे किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड. गिझर्ड म्हणजे कोंबडीच्या पोटातला दाणे दळणारा अवयव, लिझर्ड म्हणजे सरडा, विझर्ड म्हणजे जादूगार. अर्थ शोधत बसू नका, नुसतं यमक ऐका. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात 2010 साली ही मंडळी एकत्र आली. मुख्य गायक आणि गिटारवादक स्टू मॅकेन्झी.

यांना प्रयोगशील का म्हणतात, ते आपल्या कानांना चटकन कळेल. गिटारच्या दांडीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. सतारीवर आपण त्यांना पडदे म्हणतो. सतारीचे पडदे सरकवता येतात, तार खेचून मींड घेता येते. गिटारच्या पट्ट्या मात्र पक्क्या असतात, त्यामुळे सप्तकात बारा स्वर आणि बस्स. या लोकांनी तुर्कस्तानातल्या बाग्लामा नावाच्या तंतुवाद्यावरून स्फूर्ती घेऊन जास्तीच्या पट्ट्या असलेल्या गिटारी बनवून घेतल्या, म्हणजे दोन स्वरांच्या मधले स्वरही वाजवता येतील. त्यावर आधारलेला "फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना" हा अल्बम फेब्रुवारी 2017 मध्ये आला. ज्यांनी लहानपणापासून श्रुती हा शब्द ऐकलाय, त्यांना यात फार नवल वाटणार नाही. रॉकच्या दुनियेत मात्र ते नवल होतं.

त्याच्या आदल्या वर्षीचा त्यांचा अल्बम "नॉनागॉन इन्फिनिटी". त्यात नऊ गाणी. प्रत्येक गाण्याचा शेवट पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला जोडलेला आणि नवव्याचा शेवट पुन्हा पहिल्याला. एकदा लावलं की ते चक्र संपतच नाही.

2017 साली या बँडनं एका वर्षात पाच अल्बम काढायचं जाहीर केलं. पाचवा आला 31 डिसेंबरला. म्हणजे शब्द पाळला, पण अगदी काठावर! आपली आजची गोष्ट आहे त्यातल्या चौथ्या अल्बमची. त्याचं नाव "पॉलीगोंडवानालँड".

हे नाव वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. निवृत्तीनंतर मी जबलपूरला स्थायिक झालोय. मदन महालाचा गोंड किल्ला माझ्या घरापासून फार लांब नाही. इथपासून पार आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतचा मुलूख म्हणजे गोंडवाना. एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांनी इथल्या खडकांच्या थरांना गोंडवाना हे नाव दिलं. पुढे एडुअर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं त्यावरूनच दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला गोंडवानालँड म्हटलं. भारत आणि ऑस्ट्रेलिया दोन्ही त्या महाखंडाचे तुकडे. म्हणजे मेलबर्नच्या पोरांनी आपल्या अल्बमला जे नाव दिलं, त्याचं मूळ गोंडांच्या जंगलात आहे. नावं अशीच फिरतात, कुणाची परवानगी न विचारता. आजच्या विषयाला हे धरूनच आहे.

नेमकं काय दिलं?

17 नोव्हेंबर 2017 रोजी "पॉलीगोंडवानालँड" प्रसिद्ध झाला. दहा गाणी, पहिलं गाणं जवळजवळ अकरा मिनिटांचं. बँडनं तो आपल्या संकेतस्थळावर ठेवला आणि सांगितलं, घ्या. त्यांच्या निवेदनाचा आशय असा होता: हा अल्बम आमच्या मालकीचा नाही, तुमच्या मालकीचा आहे. कॅसेट काढा, सीडी काढा, तबकड्या काढा. स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढायची हौस होती ना, मग काढा, मित्रांना कामाला लावा, खोकी भरा.

इथे जरा थांबून तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण "फुकट" या एका शब्दात आपण तिन्ही कोंबतो.

पहिली पायरी ऐकू देण्याची. गाणं इंटरनेटवर आहे, तुम्ही ऐका. यात मालकानं काहीच सोडलेलं नसतं. दुसरी पायरी प्रत करू देण्याची. गाणं उतरवून घ्या, मित्राला द्या, पण धंदा करू नका. तिसरी पायरी म्हणजे प्रती काढून विकू देण्याची, आणि विक्रीचे पैसेही विकणाऱ्याचेच. बहुतेक कलाकार पहिल्या पायरीवर थांबतात. काही थोडे दुसऱ्या पायरीपर्यंत येतात. किंग गिझर्डनं थेट तिसरी पायरी गाठली.

आणि नुसती परवानगी देऊन ते थांबले नाहीत. रेकॉर्ड छापण्यासाठी लागणारी मूळ ध्वनिफीत, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात, ती दिली. वेष्टनाची छापण्याजोगी चित्रं दिली. हा फरक महत्त्वाचा आहे. "तुम्ही केव्हाही घरी जेवायला या" असं म्हणणं वेगळं आणि दाराची किल्ली हातात ठेवणं वेगळं. मास्टर म्हणजे ती किल्ली.

मग काय झालं? वेगवेगळ्या देशांतल्या छोट्या-छोट्या कंपन्यांनी, दुकानदारांनी, नुसत्या चाहत्यांच्या गटांनीसुद्धा वर्गणी काढून हा अल्बम छापला. कुणी रंगीत तबकडी काढली, कुणी वेष्टन बदललं, कुणी कॅसेट केली. या एका अल्बमच्या शंभराहून अधिक निरनिराळ्या आवृत्त्या निघाल्या. संग्राहक आजही त्या शोधत फिरतात.

तबकडी कशी छापतात, हे कळल्याशिवाय यातली गंमत कळत नाही. आधी लाखेसारख्या मऊ लेपाच्या चकतीवर ध्वनीच्या खाचा कोरतात. तिच्यावर निकेलचा थर चढवून उलटा ठसा तयार करतात. मग गरम पीव्हीसीचा गोळा दोन ठशांमध्ये दाबला की तबकडी तयार. आपल्याकडे कोलकात्याच्या दमदममध्ये एचएमव्हीच्या कारखान्यात हेच चाले. तुमच्या आजोबांच्या घरातल्या कित्येक रेकॉर्डी तिथल्याच असतील. सगळा खर्च पहिल्या तबकडीच्या आधी होतो, कोरणं, ठसा, यंत्र लावणं. पाचशेव्या तबकडीला जवळजवळ प्लास्टिकचाच खर्च. म्हणून कारखाने दहा-वीस प्रती काढून देत नाहीत. शेकड्यांतच मागणी द्यावी लागते, आणि विकल्या गेल्या नाहीत तर खोकी आपल्याच माळ्यावर.

आता बँडच्या बाजूनं बघा. पैसा गुंतवण्याचा धोका कुणी घेतला? छापणाऱ्यानं. साठवण कुणी केली? त्यानंच. समुद्रापलीकडे पाठवण्याचा खर्च? बराचसा वाचला, कारण युरोपातला माल युरोपात छापला गेला. फौजेत रसद सांभाळलेल्या कुणालाही विचारा. माल तयार करण्यापेक्षा तो शेवटच्या चौकीपर्यंत पोचवणं महाग असतं. या बँडनं शेवटच्या चौकीवरच्या माणसालाच कारखानदार करून टाकलं.

प्रत आणि खरखर

मी सिग्नल्सचा माणूस. आयुष्य संदेश इकडून तिकडे पोचवण्यात गेलं. म्हणून एक तांत्रिक गोष्ट सांगतो.

जुन्या रेडिओ रिलेमध्ये संदेश एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर, तिथून तिसऱ्या टेकडीवर जायचा. प्रत्येक टप्प्यावर यंत्र आवाज वाढवायचं, पण आवाजाबरोबर खरखरही वाढवायचं. पाच-सहा टप्प्यांनंतर बोलणाऱ्यापेक्षा खरखरच जास्त. कॅसेटचंही तसंच. एका जवानानं सुट्टीवरून येताना कॅसेट आणली की सगळ्या बराकीत तिच्या प्रती फिरायच्या. प्रतीची प्रत आणि तिचीही प्रत. चौथ्या हातात पोचेपर्यंत गायिका जणू पावसात उभी राहून गातेय असं वाटायचं.

डिजिटल आलं आणि हे बदललं. डिजिटलमध्ये आवाज नव्हे, आकडे जातात. मधला टप्पा आकडे वाचून पुन्हा स्वच्छ लिहितो. खरखर मागेच राहते. म्हणून हजारावी प्रत पहिल्या प्रतीइतकीच चोख असते, आणि तिचा खर्च जवळजवळ शून्य.

कलाकारांच्या पोटावर पाय आला तो इथेच. जी वस्तू शून्य खर्चात हुबेहूब बनते, तिची किंमत टिकवून धरणं फार अवघड. कायदा करा, कुलपं लावा, खटले भरा, बाजार त्यातून वाट काढतोच. मग काही शहाण्या कलाकारांनी प्रश्न उलटा विचारला. प्रत जर राखता येत नाही, तर राखता येण्यासारखं काय आहे?

उत्तर सोपं निघालं. मंचावर समोर उभं राहून वाजवणं, त्याची प्रत निघत नाही. हातात धरायची सुंदर तबकडी, ती फुकट निघत नाही. आणि चौथ्या रांगेतल्या श्रोत्याला हे आपले लोक आहेत असं वाटणं, ते तर कारखान्यात बनतच नाही.

मग जेवतात कशावर?

हा प्रश्न माझ्या बायकोनं पहिल्याच मिनिटाला विचारला होता, आणि तोच खरा प्रश्न आहे.

या बँडची मोठी कमाई कार्यक्रमांच्या तिकिटांतून, तबकड्या आणि टी-शर्ट यांसारख्या वस्तूंतून, आणि थेट श्रोत्याला केलेल्या विक्रीतून येते. त्यांनी सगळंच फुकट दिलेलं नाही, हे नीट लक्षात घ्या. 2017 च्या पाच अल्बमांपैकी एकच असा पूर्ण मोकळा सोडला. बाकीचे विकले.

पुढे त्यांनी ही पद्धत जरा वेगळ्या रूपात चालू ठेवली. कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं आणि कच्ची गाणी यांच्या मास्टर फायली ते मोकळ्या ठेवू लागले. कुणीही छापा आणि विका. अट एकच, छापलेल्यातल्या काही प्रती बँडला पाठवा, म्हणजे त्या आम्हाला आमच्या दुकानात विकता येतील. किती पाठवायच्या? तुम्हाला जो व्यवहार रास्त वाटेल तो. मला यातलं शहाणपण आवडलं. अट आहे, पण पोलिसी नाही. समोरच्याच्या नियतीवर सोडलेली आहे, आणि तरीही दोन्ही बाजूंना माल मिळतो.

2024 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यातले कार्यक्रम त्यांनी यूट्यूबवर फुकट थेट दाखवले. लोक घरी बसून बघतील, तिकीट कोण काढेल, ही भीती अनेक आयोजकांना असते. गणपतीत ज्यांच्या गल्लीत ऑर्केस्ट्रा ऐकू यायचा, त्यांना विचारा. खिडकीतून ऐकणारा माणूस अर्ध्या तासानं चप्पल घालून खाली उतरतोच.

आपल्याकडचं उदाहरण

हे सगळं परदेशातलं, तिथे चालतं, असं कुणी म्हणेल. मग दिल्लीला चला.

इंडियन ओशन हा बँड बहुतेकांना ठाऊक असेल. 1990 साली सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी तो सुरू केला, पुढे राहुल राम आणि अमित किलम आले. असीम तबला वाजवता वाजवता गायचे. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती मंडळींच्या प्राचीन प्रार्थनेवरचं "कंदिसा" आणि नर्मदाखोऱ्यातून आलेलं "मा रेवा" ही त्यांची गाणी. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते, ते गाणं त्या वाटेनं आलं. जबलपूरच्या माणसाला रेवा म्हणजे कोण, हे सांगावं लागत नाही.

दिल्लीच्या करोलबागेत एका जुन्या बंगल्यात ते वर्षानुवर्षं सराव करत. पत्ता 16/330, खजूर रोड. डिसेंबर 2009 मध्ये असीम चक्रवर्ती गेले. त्यांच्या आवाजातली ध्वनिमुद्रित गाणी मागे राहिली होती. 2010 साली बँडनं त्या गाण्यांचा अल्बम काढला, नाव त्या पत्त्याचंच ठेवलं. आणि तो विकला नाही. जुलैपासून महिन्याला एक, अशी सात गाणी त्यांनी आपल्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घ्यायला ठेवली.

मंडळींचा हिशेब सरळ होता. आमची चूल सीडीच्या विक्रीवर नाही, कार्यक्रमांवर पेटते. मग गाणं जितक्या लांब जाईल तितकं बरं. महिन्याला एक गाणं देण्यातही अक्कल होती. सगळं एकदम दिलं असतं तर आठ दिवस चर्चा झाली असती. सात हप्त्यांत दिल्यामुळे श्रोता सात वेळा दारात आला.

पण मला त्या अल्बमकडे बघताना हिशेबापेक्षा वेगळंच वाटतं. मित्र गेला आणि त्याचा आवाज तुमच्याकडे आहे. तो तिजोरीत ठेवायचा की वाटून टाकायचा? त्यांनी वाटला. फौजेत आम्ही गेलेल्या साथीदाराच्या गोष्टी सांगत राहतो, नव्या मुलांना, पुन्हा पुन्हा. त्याचं कारण हेच. जे वाटलं जातं तेच राहतं.

नामदेवांची पंजाबवारी

आपल्या मराठी माणसाला हे सगळं खरं तर नवं वाटायला नको. आपल्या वाङ्मयाचा पायाच असा आहे. वारीत लाखो लोक अभंग गातात. कुणी कुणाची परवानगी घेत नाही. चाली बदलतात, ठेका बदलतो. पण एक गोष्ट हलत नाही, ती म्हणजे शेवटच्या चरणातली नाममुद्रा. नामदेव, जनाबाई, चोखोबा, तुकोबा, प्रत्येकाचं नाव अभंगातच ओवलेलं. गाणं मोकळं सोडलं, नाव मात्र राखलं.

पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचं गाव आहे. संत नामदेवांचं तिथे वास्तव्य होतं. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. पंढरपूरच्या शिंप्याची पदं शीख बांधव आजही गुरुद्वारात गातात, आणि नामदेवांचं नाव घेऊन गातात. ना छापखाना, ना कायदा, ना कंपनी. तरी गाणं पोचलं आणि नावही पोचलं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की, मोकळं सोडणं म्हणजे अनाथ करणं नव्हे. आजच्या भाषेत यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे तयार परवाने आहेत, 2002 पासून. त्यात तुम्ही निवडता: नाव द्यायलाच हवं, धंदा चालेल की नाही, बदल चालतील की नाही. अमेरिकेतल्या नाइन इंच नेल्स बँडनं 2008 साली "घोस्ट्स" हा 36 तुकड्यांचा वाद्यसंगीताचा अल्बम असाच दिला. नाव द्या, धंदा करू नका, बदललंत तर तेही याच अटीवर वाटा. पहिले नऊ तुकडे फुकट, सगळे हवे तर पाच डॉलर, आणि सहीची खास आवृत्ती 300 डॉलरला. त्या खास आवृत्तीच्या 2,500 प्रती काढल्या होत्या, सगळ्या गेल्या. गुणाकार तुम्हीच करा. साडेसात लाख डॉलर होतात.

पण सगळ्यांना हे जमतं का?

नाही. आणि हे मोकळेपणानं सांगायला हवं, नाहीतर माझं बोलणं अर्धवट राहील.

माझा एक भाचा बंगळूरला नोकरी करतो. शनिवार-रविवार चार मित्रांबरोबर बँड चालवतो. पगारातून पैसे साठवून त्यांनी आठ गाणी ध्वनिमुद्रित केली. दोघांचं म्हणणं, सगळं फुकट सोडू. दोघांचं म्हणणं, खर्च तरी निघू दे. भाचा मधे अडकला आणि मला फोन केला. मी विचारलं, गाणी लिहिली कुणी? तर म्हणाला, आमच्या ऑफिसातल्या एका मुलीनं. ती मंचावर येत नाही. मी म्हटलं, मग तिला विचारलंस का? फोनवर बराच वेळ शांतता.

खरी अडचण इथे आहे. गाणं फुकट द्या आणि कार्यक्रमातून कमवा, हा मंत्र मंचावर उभं राहणाऱ्यासाठी ठीक आहे. पण शब्द लिहिणारा मंचावर नसतो. एखाद्या ध्वनिमुद्रणात बासरी वाजवून गेलेला वादक मंचावर नसतो. म्हातारपणी ज्याचा आवाज गेला तो गायक मंचावर नसतो. त्यांची कमाई प्रतीवरच असते. गाणं मोकळं सोडताना आपण आपला हक्क सोडतोय की दुसऱ्याचाही, हे आधी तपासलं पाहिजे.

कायद्याच्या नजरेतही एका गाण्यात एकाहून जास्त मालक असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, त्यांच्या ध्वनिमुद्रणाचा वेगळा. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चालीचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं चालतो, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीपासून 60 वर्षं. 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांच्या मानधनाच्या वाट्याला खास संरक्षण दिलं, कारण आधी एकाच सहीत त्यांचं सगळं निघून जायचं.

दुसरी गोष्ट मी भाच्याला सांगितली ती फौजी भाषेत. माघार घेता येते, पण उडवलेला पूल पुन्हा जोडता येत नाही. हे मोकळे परवाने एकदा दिले की परत घेता येत नाहीत. उद्या एखाद्या चित्रपटवाल्यानं त्या गाण्याला मोठी किंमत देऊ केली, तरी आधी दिलेली परवानगी उभीच राहते.

शेवटी त्यांनी काय ठरवलं ते सांगतो. पाच गाणी दुसऱ्या पायरीवर, म्हणजे ऐका, उतरवा, वाटा, पण धंदा नको. तीन गाणी त्या मुलीला जपून ठेवायची होती, ती जपली. आणि कार्यक्रमाच्या मानधनात लिहिणारीचाही वाटा, मंचावर नसली तरी. हे सगळं एका साध्या कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. बँड फुटतात ते गाणी वाईट असल्यामुळे नव्हे, असले कागद नसल्यामुळे.

दार कुणाच्या हातात?

किंग गिझर्डची गोष्ट अजून संपलेली नाही. जुलै 2025 मध्ये त्यांनी आपलं संगीत स्पॉटिफायवरून काढून घेतलं. कारण त्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डॅनियल एक यांच्या गुंतवणूक संस्थेनं हेल्सिंग या जर्मन कंपनीत मोठी रक्कम गुंतवली होती. हेल्सिंग युद्धासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा आणि ड्रोन बनवते. अमेरिकेतला डिअरहूफ हा प्रयोगशील बँडही त्याच सुमारास बाहेर पडला. त्यानंतर किंग गिझर्डनं बँडकँपवर आपले अल्बम "तुम्हाला वाटेल ती किंमत द्या" या बोलीवर ठेवले.

मी आयुष्यभर वर्दी घातलेला माणूस. शस्त्रं बनवणं हे मुळातच पाप आहे असं मला वाटत नाही. सीमेवर उभ्या असलेल्या मुलाच्या हातात चांगलं यंत्र असावं, असंच मला वाटतं. त्यामुळे त्या बँडचं मत माझं मत नाही. पण त्यांच्या निर्णयातली एक गोष्ट मला सलाम करण्याजोगी वाटते. त्यांना न पटलेल्या घरातून ते उठून जाऊ शकले. किती कलाकारांना हे जमेल? ज्याचे सगळे श्रोते एकाच कंपनीच्या दारातून येतात, तो त्या कंपनीशी भांडू शकत नाही. तिथे नियमही तीच ठरवते. 2024 पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षात हजार वेळा वाजलं नाही, तर त्या ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच मिळत नाही. नव्या मुलांची किती गाणी हजारापर्यंत पोचतात?

किंग गिझर्ड उठू शकले, कारण वर्षानुवर्षं गाणी वाटून त्यांनी श्रोत्याशी थेट नातं जोडलं होतं. ज्याला त्यांनी 2017 मध्ये मास्टरची किल्ली दिली, तो 2025 मध्ये त्यांना शोधत नव्या दारात आला. फुकट दिलेल्याची वसुली अशी होते. ती पावतीवर दिसत नाही, अडचणीच्या दिवशी दिसते.

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी गाणारं, लिहिणारं, काही बनवणारं असेल आणि ते फुकट द्यावं की नाही असा प्रश्न असेल, तर त्यांना एवढं विचारायला सांगा. यात आणखी कुणाचा वाटा आहे का, आणि त्यांची हरकत नाही ना? तिन्हीपैकी कोणत्या पायरीपर्यंत जायचंय? नाव कुठे आणि कसं राहील? प्रत सोडली तर हातात काय उरेल, ज्यावर चूल पेटेल? आणि ऐकणारा आपल्याकडे कोणाच्या दारातून येतो? या पाचांची उत्तरं असतील तर खुशाल सोडा. नसतील तर थोडं थांबा. गाणं कुठे पळून जात नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.